मागाच्या खड्ड्यावर

माग विकला, खड्डा राहिला.
त्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर टेबल,
टेबलावर कॉम्प्युटर.
टिळकवाडीतलं सायबर कॅफे बंद पडलं तेव्हा
परशराम भावजींनी तो रिक्षातून आणला,
स्क्रीन मांडीवर, डबा पायांत धरून,
वडगावपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला
"सावकाश रे, सावकाश" म्हणत.

"मांडे करायचं मशीन आणलं काय गा?"
कलावतीबाई दारातूनच.
मांडे हातावरच होतात.
पोळी कोपरापर्यंत पसरत जाते,
पालथ्या खापरावर पडते,
आणि कडक व्हायच्या आत घडी बसावी लागते.
चुकायचं ते मोजणं.
हुक्केरीचं लग्न, दीडशे. चंदगडचं डोहाळजेवण, एकवीस.
कुणाचा ॲडव्हान्स, कुणाचे डबे परत यायचे,
सगळं कॅलेंडरच्या पाठीवर.
महिना उलटला की कुणाचं तरी लग्न फाटायचं.

इराण्णा खासबागेतून आला, चपला बाहेर काढून
टेबलाखाली आडवा झाला,
वायरींशी कन्नडमधून बोलला.
वर येऊन आम्हाला मराठीत:
"अक्का, भाषा कुठली घालू?"
भावजी छताकडे बघायला लागले.
भारताक्का परातीतून मान न काढता म्हणाली,
"गिऱ्हाईक दोन्हीकडचं हाय,
दोन्ही घाल की.
आणि ते जीएसटीचं इंग्रजी."

"पासवर्ड एकच, की वेगवेगळे?"
आमच्या घरात एक कपाट, एक कुलूप,
किल्ली देवामागं, हे मांजरालाही ठाऊक.
तरी अंकिता म्हणाली, वेगवेगळे,
तिचा प्रोजेक्ट कुणी पुसला तर?
चार चौकटी झाल्या, चार चित्रं.
भारताक्कानं म्हैस मागितली.
म्हैस नव्हती. बदक घेतलं.
आणि आपला पासवर्ड
सगळ्यांसमोर, मोठ्यानं, दोनदा विचारून ठरवला.

मला बिलं जमायला लागली.
पुण्याचं एक गिऱ्हाईक फोनवर हसलं:
"पाठवतो काय म्हणता? बाई ना तुम्ही?"
होय, बाईच, मी म्हणालो. उद्या पाठवतो.
मेसेजमध्ये मात्र 'पाठवते' लिहिलं.
मग खोडलं.
मग काहीच न लिहिता नुसतं बिल पाठवलं.

लग्नसराईतली एक रात्र.
आमचे हे उद्यमबागेत रात्रपाळीला,
मला सौंदत्तीचा हिशेब सापडेना.
बदक उघडलं.
आत एकच फाइल, नाव: भारता भारता भारता.
सराव केला असणार.
खाली रोजचे मांडे, दोन रकाने,
एक तिचा, एक माझा.

पोटात कच्च्या कणकेचा गोळा.
मोजत होती तर.

मंगळवार. मी साठ. रेणुका चाळीस.
बुधवार. मी पंचावन्न. रेणुका हात भाजला.
गुरुवार. लाईट नाही. दोघी मिळून नव्वद, वाटून घातले.
मग आठ दिवस, मी कुद्रेमानीला, माहेरी.
आठही दिवस माझ्या नावापुढं एकच ओळ:
नाही. तरी निम्मे घर.

दोनदा वाचलं.
'धर' लिहायचं होतं तिला.
तिचा ध अजून घ पडतो,
'साधे मांडे' चे 'साघे मांडे' होतात,
बिलातले ते मीच सुधारतो.
इथं कर्सर त्या घ पाशी नेला,
तो लुकलुकत राहिला,
खापर निवत होतं, घरात तुपाचा वास,
आणि यूपीएसनं एकदाच टुक्क केलं.
नाही सुधारलं.

सकाळी ती ओल्या फडक्यानं की-बोर्ड पुसत होती.
"रात्री कोण बसलं होतं हितं?
पिठाची बोटं हाईत."
सौंदत्तीचं बिल, मी म्हणालो.
"गावलं?"
गावलं.
"मग चल, साखर चाळायची हाय."