हाडाचा फोटो

सीपीआरच्या तळमजल्यावर, काळोख्या खोलीत,
बावीस वर्षं मी माणसांना म्हणत आलो,
श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा.
एवढंच माझं बोलणं.
बाकीचं फिल्म बोलायची.

दस्तगीर वस्तादांचा पेशंट दारातूनच ओळखू यायचा.
आधी वास, आंबेहळद आणि मेदालकडीचा,
मग बांबूच्या कामट्या, जुन्या लंगोटाच्या चिंध्यांनी आवळलेल्या,
आणि खिशात चिठ्ठी, विडीच्या बंडलाच्या कागदावर:
हे माझ्या हातातलं न्हाई. फोटो काढा. द. मुल्लाणी.

डॉक्टर वाचून हसायचे.
मी चिठ्ठी खणात टाकायचो.
का, ते कुणी विचारलं नाही,
विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.
एकदा मोजल्या. एकशे चौदा.
जे चिठ्ठीविना बरे होऊन घरी गेले
त्यांची मोजदाद कुठल्या खणात?

मग एका श्रावणात माझाच खांदा धरला.
गोळ्या झाल्या, शेक झाला, करंट झाला.
रात्री शर्ट काढायला मालन लागायची,
आणि ती काढताना हसायची, तेही दुखायचं.

गंगावेशीच्या मागच्या बोळानं गेलो,
टोपी कपाळावर ओढून,
दवाखान्यातलं कुणी बघू नये म्हणून.
तालमीच्या दारात पायताण काढलं.
पोरं हौद उकरत होती,
लाल मातीत ताक, लिंबू, हळद नुकतीच मिसळलेली,
नाकात कापूर शिरला.

"फोटो काढलाईस?"
"काढलाय."
"काय दिसलं?"
"काहीच नाही."
"मग बरोबर आलाईस. दिसत न्हाई ते माझ्याकडं येतंय."

तव्यावर निर्गुडीचा पाला गरम झाला.
अंगठा खांद्यावरून फिरत फिरत
एका जागी थांबला,
जिथं माझं बोटही कधी गेलं नव्हतं.
मी ओरडलो. हौदातली पोरं थांबली, परत झटायला लागली.
"पैसे?"
"मारुतीला नारळ ठेव. पिराला उदबत्ती.
आणि आठ दिवस त्या हातानं भाकरी मोडू नगंस."

बरा झाला का? निम्मा झाला.
ढग आले की अजून कुरकुरतो.
शर्ट मात्र मीच काढतो.

मार्गशीर्षात त्यांना पोरांनी रिक्षातून आणलं.
मोरीत पाय घसरला होता.
चिठ्ठी नव्हती. कुणी लिहायची?
खुब्याचा काढला, भुलीच्या डॉक्टरांसाठी छातीचाही.
श्वास घ्या, म्हणालो. धरा.
आणि सोडा म्हणायचं विसरून गेलो.

फिल्म दिव्यावर लावली,
गळ्याचं हाड तीन जागी सांधलेलं,
बरगड्यांवर उसाच्या पेरांसारख्या गाठी,
सगळ्या जुन्या, सगळ्या त्यांनी स्वतःच बसवलेल्या,
थोड्या वाकड्या, पण घट्ट.
आणि खुब्यात एकच नवी भेग,
सरळ, स्वच्छ, कुणाचाही हात न लागलेली.

"काय दिसतंय लगा?"
मी खण उघडला. पुन्हा बंद केला.
"वस्ताद, लोखंड बसवावं लागंल."
"बसवू देत की. आमची काय दुश्मनी हाय व्हय लोखंडाशी?"

आता ड्युटी संपली की वॉर्डात जातो,
डब्याच्या पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली.
सिस्टरला वास येतो. ती खिडकी उघडते, बोलत नाही.
"त्यो पाय डॉक्टरचा," वस्ताद सांगतात, "त्याला शिवायचं न्हाई.
ह्यो आपला."
मी चांगल्या पायाचा तळवा मांडीवर घेतो,
भेगाळलेला, हौदाची माती अजून रेषांत.
माझा अंगठा चुकतो, सरकतो,
आणि ते डोळे मिटून मला सांगतात,
हं, तिथं. हलू नगंस. धर.
धर अजून.
सोड.