तिरकं घर

एर्सिरानं मला जन्म दिला नाही,
उतरवून घेतलं.
दल्काऊएच्या धक्क्यावर, बोटीतून,
बटाट्याच्या दोन पोत्यांमधून.
आधी पोती उतरवली, हेही खरं.
"चार दिवस ठेव," यानेत म्हणाली होती. यानेत, माझी आई.
तिला खूप खाली दक्षिणेत, पुंता अरेनासला,
मासे कापायचं काम लागलं होतं.

चार दिवसांची सात वर्षं झाली.
मी एर्सिराला आई म्हटलं नाही, तिनं सुचवलं नाही.
ओहोटीला आम्ही शेवाळ गोळा करायचो.
पाणी माझ्या गुडघ्यावर चढलं की ती वाकायची
आणि मी, न विचारता, वर.
पोटची नव्हते तिच्या.
पाठीवरची होते.

मग किनारा विकला गेला.
घर हलवायचं ठरलं. म्हणजे घरच:
भिंती, लाकडी खवल्यांचं छप्पर, खिडकीतली मांजर.
आमच्या बेटांवर असंच करतात.
खाली ओंडके सारतात, बैल जुंपतात,
अख्खं गाव दोराला लागतं
आणि भरतीवर घर समुद्रात सोडतात.
मजुरी नाही. पोटभर जेवण.

नेमकी त्या दिवशी आई आली.
हातात गुलाबी बाहुली. मी अकरा वर्षांची.
घराच्या जागी सहा दगड
आणि दबून पिवळं पडलेलं गवत.
ती तिथंच खाली बसली म्हणे.
मग बाउदिलिओनं बोट दाखवलं:
खाडीच्या मध्यावर घर तरंगत होतं,
धुराड्यातून धूर निघत होता,
कारण एर्सिरा चूल विझवू देईना.

पलीकडच्या वाळूवर दोघी समोरासमोर.
गाव गप्प. एक बैल तेवढा मुतत होता.
सात वर्षांचं सगळं
एर्सिराच्या जबड्यात हललेलं मी पाहिलं.
तिनं ते गिळलं, दोर पुढं केला.
"धर. आधी घर वर घेऊ."
आईनं धरला.
सुऱ्यांनी चिरलेले तिचे तळवे
पुन्हा उघडले. तिनं सोडला नाही.

रात्री त्या तळव्यांना मेंढीची चरबी चोळताना
एर्सिरानं विचारलं, "तुला कुणी वाढवलं गं?"
"कुणी नाही."
"हं," म्हणाली,
आणि तिसरी गादी पसरली.

घर तेव्हापासून डावीकडं कललंय.
टेबलावर अंडं ठेवलं तर घरंगळतं,
कुणीतरी झेलतं. सवय झालीय.

आता एर्सिराचे गुडघे चालत नाहीत,
पण ओहोटी पाहायचीच असते तिला.
मी वाकते. ती, न विचारता, वर.
ओल्या गोट्यांवरून उतरताना
मागून यानेत ओरडते,
"हळू गं!
आईला पाडशील."