सांधा

आई बाजारात बांगड्या भरायची.
हातावर चढवण्याआधी
प्रत्येक बांगडीवरून एकदा नख फिरवायची,
नख अडलं, तिथं सांधा.
कच्चा निघाला तर बांगडी मागं, टोपलीत.
"गोल आपोआप नाही होत, बापू,
कुठी ना कुठी दोन टोकं जोडेल रायतेत."

मी तेव्हा जिनिंगच्या भिंतीमागं
गल खोदून बसलेलो असायचो,
खिशात इतके कंचे
की चड्डी एका बाजूनं उतरायची.

पन्नास वर्षांनी ते सापडले
तिच्याच अंबाडीच्या पिशवीत,
फुटक्या काकणांच्या तुकड्यांखाली.

आणि नागपूरहून एक विरूळकर आले,
जुन्या गोट्या विकत घेतात म्हणे.
ओट्यावर मांडी घातली,
डोळ्याला घड्याळजीचं भिंग,
समोर पांढरा रुमाल.
काच दोरासारखी खाली येते, ते म्हणाले,
कात्री तिचे घास पाडते,
पन्हाळीच्या रुळांवर घरंगळत
घास गोल होतो.
पण कात्री लागली ती जागा
रूळ कितीही फिरले तरी पुरती बुजत नाही.
हे पाहा, वर एक, खाली एक,
मिटल्या पापणीएवढी घडी.
हिची घडी वळून आत शिरली,
हिची नुसती सुरकुती,
म्हणजे यंत्रं वेगळी.
हिला एकच बेंबी, खरबरीत,
ही सळईवरून हातानं तोडलेली.
आणि ही हिरवट, बिनरंगाची...

ती सोड्याच्या बाटलीतली, मी म्हणालो.
दारव्ह्याच्या स्टँडमागं बाटली फोडून काढली होती.
बाटलीवाल्यानं कान धरला तो हा, डावा.

सतरा त्यांनी घेतल्या.
बाकीच्या रुमालाबाहेर लोटल्या.
"टवके आहेत. ह्या चंद्रकोरी कारखान्याच्या नव्हेत."
नव्हेतच.
ही कोर परसराम मडावीची.
डावखुरा होता, टिचका नखानं मारायचा,
त्याचा घाव कायम असा तिरपा.
ही तडकलेली निळी रज्जूची.
पोरीच्या जातीनं काय खेळता म्हणून
तिच्या आजोबानं तिचे सगळे कंचे विहिरीत टाकले,
हा त्या दिवशी माझ्याकडं उधार होता.
परत द्यायचं राहिलं.
आणि ही एका अंगानं पार घासलेली, ती मी
हरलो तेव्हा कोपरानं ढकलत गलापर्यंत नेली,
भर दुपारी, सगळे मोजत होते.

विरूळकर ऐकत होते की हिशेब करत होते, कोण जाणे.
भिंग मात्र त्यांनी कपाळावर सरकवलं.

एक उरली.
दुधी, आत कात्थ्याच्या रंगाची एक शीर.
उन्हात धरली, बोटांत फिरवली,
"हिला टोकच सापडत नाही," म्हणाले.
मी ती आत नेली.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
बोटांची चामडी तर कधीच मेली,
काचेवर काच सरकवून सरकवून.
तिनं गोटी खालच्या ओठावर ठेवली
आणि हळूहळू फिरवली,
लेकराच्या दुधाची ऊब पाहावी तशी.
"हे पाय. अठी.
अन् हे, अठी.
कात्री बोथट होती मेल्याची."

विरूळकर दारात येऊन उभे होते.
भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"आहे," म्हणाले.
मग तीनशे म्हणाले. मग पाचशे.

आईनं आवाजाच्या रोखानं हात पुढं केला,
त्यांचं मनगट धरलं,
अंगठ्याच्या बुडाशी चार बोटं दाबून
हाडं एकत्र करून पाहिली,
बाजारात पाहायची तशी.
"दोन-सहा," ती म्हणाली.
"सैल होईन जराशी.
पण उतरन नाही."