हिप्परग्याची मोजणी

एकतीस वर्षं मी धागे मोजले,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात,
फणीच्या इंचाला किती, ते बोटांनी;
डोळे मिटले तरी कळायचं, कुठे एक कमी आहे.
आता तिथे मंगल कार्यालय आहे
आणि मी पक्षी मोजतो.

चिट्याल मॅडमनी दुर्बीण दिली. म्हणाल्या,
मल्लेशम, दहा-दहाचे गठ्ठे करा.
मी म्हटलं, आम्ही आटीच मोजायचो, मॅडम, एकदम.

चांदवे सहाशे दहा.
थापटे चाळीस आणि थोडे.
शेकाटे, लाल पायांची कार्टी,
एका जागी उभी राहतील तर शपथ.
आणि तिकडे, ओल्या गाळावर,
हरभऱ्याच्या रानाला लागून
पट्टकादंब.
डोक्यामागे दोन काळे पट्टे,
चादरीला काठ घातल्यासारखे.

एकाच्या गळ्यात पिवळी पट्टी होती, वर अक्षरं.
मॅडमनी कुठे कुठे पत्रं पाठवली.
महिन्याने उत्तर आलं :
डोंगरापलीकडचं गोड्या पाण्याचं तळं,
बर्फ गेलं की गवत, गवतात घरटी.
तिथेही एक माणूस आहे.
पिल्लं मोजतो, भटकी कुत्री हाकलतो,
काठापर्यंत गाड्या आणू नका म्हणून
लोकांशी भांडतो.

तो जूनमध्ये मोजतो, मी पौषात.
गेल्या खेपेपेक्षा अठ्ठावीस कमी.
धागा तुटला की माग थांबवायचा,
एवढंच मला शिकवलेलं.
इथे काय थांबवू?

यमनप्पाचं नायलॉनचं जाळं
गाळाच्या तोंडाशीच होतं.
त्यात एक. मान मागे वळलेली,
उघड्या डोळ्यात पाणी, तळ्याचं.
यमनप्पा म्हणाला, मला चिलापी पाहिजे, हे कशाला?
पोरगी नर्सिंगला आहे माझी.
मी काही बोललो नाही. बसलो.
गाठी सोडवणं मला येतं.
दोन तास लागले.
पक्षी कधीच गेला होता;
जाळं मात्र अख्खं परत दिलं,
एक घर न कापता.

दुसऱ्या दिवशी त्याचे बांबू
भरावाच्या बाजूला, खोल पाण्यात.
तिकडे मासा कमी लागतो.
त्याने ते बोलून दाखवलं. दोनदा.

आज एकशे बारा.
त्यात ती पिवळी पट्टी, चरत होती.
पलीकडच्या माणसाला आकडा जाईल
मॅडमच्या मोबाइलवरून.
मी वहीत तारीख घातली, वारा लिहिला,
आणि खाली सही केली,
सवयीने, तेलुगूत.