विमान जाईपर्यंत

कलिन्यात विमान डोक्यावर आलं
की वाक्य अर्धं ठेवून थांबायचं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिले दोन महिने मी बोलत राहिले
आणि कुणाला काही ऐकू गेलं नाही.
तसं बोलण्यासारखं होतंही काय?
मेसचं कूपन, झेरॉक्सचे सुटे,
इथे कुणी बसलंय का.

मग एका संध्याकाळी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात
भामरागडचा चैतू मडावी चार्जर मागायला आला.
म्हटलं, आहे, पण त्याची पिन जरा –
विमान.
तो थांबला. हात तसाच पुढे.
पलीकडे वसईची फिलोमिना
डबा उघडता उघडता थांबली.
फुग्यांचा वास तेवढा थांबला नाही.

गेलं एकदाचं, चाकं लोंबकळत, धावपट्टीकडे.
"पिन जरा?" चैतूने विचारलं.
माझं वाक्य
त्याने सांभाळून ठेवलं होतं.
"वाकडी आहे. धरून बसावं लागतं."
"बसू की."

आळीपाळीने धरली तिघांनी.
फुगे संपले, फोन सत्तर टक्क्यांवर,
रखवालदार दिवे घालवायला लागला.

आता कुणी नवखा विमानाखाली बोलत सुटला
तर आम्ही अडवत नाही.
ओठांकडे बघत राहतो,
आणि आवाज परतला की विचारतो,
हं, कुठे होतास तू?