सहावं घर

आधी चार आवाज ऐकायचे.
अंगठ्याने घोडा मागे ओढताना
टिक्. टिक्. जरा उशिराने टिक्. मग टक्क.
तीनच आले तर आत काहीतरी थकलंय,
रघुवीरमामा सांगायचे.
गोदीत, कस्टमच्या टेबलामागे त्यांची हयात गेली,
पेटी न उघडता माल ओळखायचे.
माणूस ओळखण्यात मात्र दोनदा फसले,
त्यांतलं एक लग्न होतं.

बेल्जियन आहे. बत्तीस बोअरचं.
दर गोळीला घोडा नव्याने चढवावा लागतो,
नुसता चाप दाबून काही होत नाही.
‘म्हणून तर घेतलं,’ म्हणायचे,
‘रागाला मध्ये एक पायरी हवी.’

पाचच भरायच्या. सहावं घर रिकामं.
घोड्याने त्याच्यावरच डोकं टेकायचं,
हातातून पडलं तरी उडायला नको.
मुंबईत सहांतलं एक घर
मुद्दाम रिकामं ठेवणारा
माझ्या माहितीत हा एकटाच माणूस.

मामांमागे ते माझ्या नावावर यायला तीन वर्षं लागली.
कमिशनर कचेरीतल्या साहेबांनी विचारलं,
बाई, तुम्हाला कशाला?
मी तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत
काचपट्ट्या पुसल्यात.
म्हटलं, पुसायला.
त्यांनी रकान्यात ‘वारसा’ लिहिलं.

आमच्या गिरगावच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही,
त्याचं मीठ मात्र जिना चढून येतं.
म्हणून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
पेपर पसरायचा, पंखा बंद,
शिवणयंत्राचं तेल, मामांच्या धोतराची चिंधी,
दात घासायचा मऊ ब्रश,
आणि स्क्रू ठेवायला इडलीपात्र.
कुठला खड्डा कुठल्या स्क्रूचा ठरलेलं आहे.
त्या दिवशी इडल्या होत नाहीत,
एरवीही आता कोणासाठी करायच्या.

दसऱ्याला पूजा होते, पण हळदकुंकू नाही.
एकदा आईने भक्तीने बोट टेकवलं,
वर झेंडूचं ओलं फूल, रात्रभर तसंच.
सकाळी निळ्या पोलादावर तपकिरी डाग.
मामा दोन दिवस बहिणीशी बोलले नाहीत.
डाग अजून आहे. मी तेवढा सोडून बाकीचं पुसते.

गेल्या चैत्रात चौथा आवाज गेला.
बोरा बाजारात, वरच्या मजल्यावर, असगरअली.
खाली मुलाने मोबाइलची कव्हरं लावलीत,
वर एक शेगडा, तीन कानशी आणि ते स्वतः.
कानाशी धरून ऐकलं,
भिंतीला कान लावणाऱ्या शेजाऱ्यासारखं.
मग बंद पडलेल्या घड्याळातली पट्टी कापली,
ज्योतीवर लाल केली, तेलात बुडवली,
पुन्हा तापवली, निळी होईपर्यंत, आणि तिथेच थांबले.
हात थरथरत होता,
कानस धरली की थांबायचा.
दोन स्प्रिंगा केल्या.
‘एक आता बसवतो. एक सांभाळून ठेव, बेन.
ती तुटेल तेव्हा मी नसेल.’
पैसे एकीचेच घेतले.

तेवढ्यात निवडणूक आली.
आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा,
पिशवी, लाख, पावती.
चव्वेचाळीस दिवस कपाटातल्या फ्लॅनेलमध्ये
त्याच्या आकाराचा नुसता खळगा.
त्याच दिवसांत बिल्डरचा मुलगा नकाशा घेऊन आला,
नवी इमारत, बावीस मजले, माझं घर सतराव्यावर.
मी विचारलं, भिंतीत तिजोरी बसेल का?
म्हणाला, मॅडम, शू-रॅक देतोय ना.

काल परत आणायला गेले.
हवालदार धुमाळ, मिसरूड नुकतंच जाड झालेलं,
लाख फोडता फोडता म्हणाला,
‘चालतं का हो हे?’
मी आधी सहाही घरं पाहिली.
सगळी रिकामी.
‘वाजतं,’ म्हटलं,
आणि सही करण्याआधी
पंखा जरा बंद करायला सांगितला.