पावणेआठ ते आठ

तासगावात, विट्याच्या रस्त्याला,
आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला
मॅनेजर दोन.
एक मी, एक दिलशाद शिकलगार.
मालकांनी एकाच दिवशी दोघींना सारख्या खुर्च्या दिल्या
आणि टेबल एकच.
वाटलं असेल, घेतील सांभाळून.

मी गाडी आधी भरते.
ती माल आधी तपासते.
खरं तर एवढंच होतं,
पण एवढ्यावर आठ महिने निघाले.

फळ्यावर माझं निळं अक्षर, त्याच्याखाली तिचं काळं,
मग माझं पुसून तिचं,
मग तिचं पुसायला डस्टर सापडेना.
डस्टर कुणी लपवलं होतं ते मला माहीत आहे.
मीच.

काड्या निवडणाऱ्या बायका हुशार,
सुट्टी तिच्याकडं मागायच्या, उचल माझ्याकडं.
हमाल पेट्या खांद्यावर घेऊन
आमच्या तोंडांकडं बघत उभे.
कुणी आवाज चढवला नाही कधी.
ती फक्त मला मॅडम म्हणायला लागली.
आधी वैजू म्हणायची.

मग ती इंदूरची गाडी.
मार्च सरत आलेला, दुपारचे दोन.
मी पास फाडला: चेंबर तीन, हिरवा माल, चारशे पेट्या.
तिनं चिठ्ठी लिहिली: चेंबर तीन, ओल जास्त, माल हलवू नये.
दोन्ही कागद ड्रायव्हरच्या हातात.
तो एकदा हा वाचायचा, एकदा तो,
मराठी येत नव्हतं त्याला, पण भांडण वाचता येत होतं.
निम्म्या पेट्या आत, निम्म्या उन्हात,
दार सताड उघडं,
चारवरचा काटा अकरावर
आणि बेदाण्याला घाम.

पारव्वा चाळणीवरनं उठली.
जतकडची, बोलणं कमी.
"दार तर लावा की गं," म्हणाली,
"भांडायचंय तर आत जाऊन भांडा."

आम्ही खरंच आत गेलो.
बाहेरच्या पेट्या आत आल्या, मागनं दार बंद झालं.

थंडीत लांब वाक्यं बोलता येत नाहीत.
तू मला विचारत नाहीस, मी म्हटलं.
तू थांबत नाहीस, ती म्हणाली.
कॉम्प्रेसर घरघरत होता.
मग तिनं सांगितलं, आधीच्या नोकरीत
ओला माल दिल्लीहून परत आला,
सही हिची होती,
सहा महिने पगारातून कापून घेतले.
मी सांगितलं, वडील ट्रकवर होते.
उभ्या गाडीला भाडं नसतं, असं म्हणायचे,
आणि उभ्या गाडीच्या दिवशी
घरात भाकरी मोजून असायची.

आठ महिने एका टेबलावर बसून
यातलं काही माहीत नव्हतं.
दात वाजायला लागले तिचे.
हसली की काय, मला नीट दिसलं नाही.

आता गेट उघडायच्या आधी,
पावणेआठला, वजनकाट्याच्या केबिनमध्ये
दोघी बसतो.
चहा माझा, खारी तिची.
काय भांडायचं ते तिथं,
मोठ्यानं.
काटेवाला संपत कानात बोळे घालतो
आणि सगळं ऐकतो.
आठला भोंगा, फळ्यावर एकच अक्षर:
एक आठवडा निळं, एक आठवडा काळं.
पासवर सह्या दोन, पण कागद एक.
ओल मोजायला मशीन आलं,
ते मागितलं मी, हे लिहून ठेवते.

सगळं मिटलं असं नाही.
रोजगार वाढवायचा की जादा बायका घ्यायच्या
यावर काल भोंगा वाजला तरी अडून होतो.
फळ्यावर मी "उद्या" एवढंच लिहिलं.
तिनं खाली रेघ मारली. पुसलं नाही.

लोकांसमोर अजून मॅडमच म्हणते.
केबिनमध्ये परवा,
खारी चहात बुडवता बुडवता,
वैजयंता म्हणाली.

वैजू नाही अजून.
खारी मात्र माझ्या कपात पडली, निम्मी,
आणि ती चमचा शोधत होती.